लिथियमची बॅटरी : तिचे चार्जिंग आणि तिची उष्णता

(इयत्ता ६ वी ते ८ वी. विषय : सामान्य विज्ञान. तासिका २)

खेड्यातील घरात पूर्वी बॅटरी म्हटली म्हणजे विजेरीतील दोन कोरडे घट एवढाच अर्थ असे. ते संपले की टाकून द्यावयाचे, हाच त्यांचा व्यवहार. आता तसे राहिले नाही. मोबाईल, विजेची दुचाकी, फवारणीचा पंप, रात्री उसाला पाणी देण्यास जाणाऱ्याच्या कपाळावरील दिवा, शाळेतील टॅब्लेट या सर्वांत पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी असते आणि ती बहुधा लिथियमची असते. ती भरावयास लावण्याचे काम घरोघरी पुष्कळदा शाळेत जाणाऱ्या मुलाकडेच येते. म्हणून हा पाठ मुलापर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे.

पाठाचे हेतू : (१) बॅटरी भरताना तापते का, हे समजणे. (२) ती उष्णता बाहेर पडू देणे आवश्यक का, हे प्रयोगाने पाहणे. (३) बॅटरी कोठे, केव्हा व कोणत्या चार्जरने भरावी, याची सवय लावणे. (४) धोक्याची लक्षणे ओळखून योग्य कृती करणे.

पूर्वज्ञान : विद्युत घट, धनाग्र व ऋणाग्र, विद्युतधारा, विभवांतर, उष्णतेचे वहन.

साहित्य : झाकणाचे दोन सारखे डबे, गरम पाणी, घोंगडे, प्रयोगशाळेतील तापमापक (ताप मोजण्याचा तापमापक वापरू नये, तो फुटेल). लिथियमची बॅटरी वर्गात उघडून दाखवू नये. तिला खिळा किंवा कर्कटक लावण्याचा प्रयोगही कदापि करू नये.

विषयप्रवेश

पावसात भिजलेला कडबा तसाच गंजीला रचला तर काय होते, असे शिक्षकाने विचारावे. शेतकऱ्यांची मुले सांगतील की गंजी आतून तापते आणि हात घातला तर चटका बसतो. बाहेरून काही दिसत नाही, पण आत निर्माण होणाऱ्या उष्णतेला बाहेर पडावयास वाट नसते. लिथियमच्या बॅटरीचे मर्म याच दृष्टांतात आहे. तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा आणि पाठात पुन्हा पुन्हा त्याकडे यावे.

विवेचन

लिथियम हा सर्वांत हलका धातू होय. पाण्याच्या घनतेच्या सुमारे निम्मी त्याची घनता आहे. लिथियम-आयन घट १९९१ मध्ये जपानमधून प्रथम बाजारात आला. त्याच्या शोधाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो या तिघांस २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या घटात धनाग्र व ऋणाग्र यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा अत्यंत पातळ, सच्छिद्र पडदा असतो. सभोवती पेट घेऊ शकेल असा द्रव असतो. घट भरताना लिथियमचे आयन पडद्यातून धनाग्राकडून ऋणाग्राकडे जातात आणि वापरताना ते परत येतात. या ये-जा करण्यास घटाचा अंतर्गत रोध आड येतो आणि त्यातून उष्णता निर्माण होते. विद्युतधारा दुप्पट केली तर ही उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. चटकन भरणारा चार्जर अधिक तापवितो, त्याचे एक कारण हे आहे.

थोडे कोमट होणे हा घटाचा धर्मच आहे. त्यात भिण्यासारखे काही नाही. परंतु ती उष्णता बाहेर पडू शकली नाही, घटाला मार लागला असला किंवा तो मर्यादेपलीकडे भरला गेला, तर आतील द्रव्यांत रासायनिक क्रिया सुरू होतात. त्या स्वतःच उष्णता देतात आणि त्या उष्णतेने आणखी वेगाने चालतात. पातळ पडदा वितळला की दोन्ही अग्रे एकमेकांस भिडतात. मग चार्जर काढून घेतला तरी भडका थांबत नाही आणि एका घटाची आग शेजारच्या घटास लागते.

चार्जरविषयी

घागर भरताना प्रथम नळ पूर्ण सोडतात आणि काठोकाठ येऊ लागली की बारीक करतात. लिथियमचा चार्जर असेच करतो. प्रथम तो ठरावीक विद्युतधारा देतो. विभवांतर मर्यादेस पोहोचले की ते तेथेच स्थिर ठेवून धारा कमी कमी करीत नेतो. नेहमीच्या प्रकारच्या घटास ही मर्यादा ४.२ व्होल्ट आहे.

आता पुढील उदाहरण मुलांकडून सोडवून घ्यावे. असे तीन घट एकापुढे एक जोडले तर पूर्ण भरलेल्या संचाचे विभवांतर किती? ४.२ × ३ = १२.६ व्होल्ट. शिसे-आम्लाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा चार्जर मात्र सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत जातो. फवारणीच्या काही पंपांत शिसे-आम्लाची बॅटरी असते, काहींत लिथियमची. दोन्ही चार्जरांची पिन सारखी असू शकते. एकाचा चार्जर दुसऱ्यास लावला तर काय होईल, हे मुलेच सांगतील. घागर भरली तरी नळ चालूच! बॅटरीत रक्षक मंडल असेल तर ते धारा तोडते. पण ते नसेल किंवा बिघडले असेल, तर अनर्थ ओढवतो. ‘पिन बसली म्हणजे चार्जर चालला’ ही समजूत या एका हिशेबाने दूर व्हावी.

प्रयोग

दोन्ही डब्यांत सारखे गरम पाणी शिक्षकाने स्वतः ओतावे. एक डबा उघड्या जागी ठेवावा, दुसरा घोंगड्यात गुंडाळावा. वीस मिनिटांनी दोन्हींचे तापमान मोजून फळ्यावर लिहावे. घोंगड्यातील पाणी अधिक गरम आढळेल. येथे एक फरक अवश्य सांगावा. डब्यातील पाणी स्वतः उष्णता निर्माण करीत नाही, म्हणून उशिरा का होईना ते निवते. भरत असलेली बॅटरी मात्र सतत उष्णता देत असते. म्हणून उशीखाली, गादीवर किंवा बंद कपाटात चार्जिंगला लावलेली वस्तू निवण्याऐवजी तापत जाते.

सभोवतालच्या उष्णतेचाही विचार करावा. लिथियम-आयन बॅटरी सामान्यतः ० ते ४५ अंश सेल्सिअस या दरम्यान भरावी. चैत्र-वैशाखात दुपारी पत्र्याच्या छपराखालची बंद खोली बाहेरच्या हवेहून अधिक तापते. उन्हातून आलेली दुचाकी लगेच चार्जिंगला लावू नये. बॅटरी हातास थंड लागेपर्यंत सावलीत थांबावे.

एक घटना

सप्टेंबर २०२२ मध्ये वसई येथे घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या विजेच्या दुचाकीच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला. झोपेत असलेला सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि काही दिवसांनी रुग्णालयात दगावला. त्या वर्षी देशात अशा दुचाकींना आगी लागण्याचे प्रकार घडल्यानंतर केंद्र शासनाने बॅटरीच्या सुरक्षिततेचे निकष कडक केले आणि डिसेंबर २०२२ पासून ते टप्प्याटप्प्याने अमलात आणले. परंतु निकष कितीही कडक असले तरी बॅटरी कोठे ठेवावी हे घरातच ठरते. तो मुलगा दुसरीच्या वर्गात शोभेल एवढ्या वयाचा होता. ही घटना मुलांस भीती घालण्यासाठी सांगू नये. झोपेत कोणाचे लक्ष नसते, एवढाच बोध त्यातून द्यावा.

पुराचे पाणी

आपल्या जिल्ह्यास हा भाग विशेष लागू आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात पंचगंगा व कृष्णाकाठची असंख्य घरे पाण्याखाली गेली. पूर ओसरला की माणूस वस्तू उन्हात वाळवून वापरू पाहतो. भांडीकुंडी अशी वापरात आणता येतात, लिथियमची बॅटरी येत नाही. पुराचे पाणी आत शिरले की जोडण्या गंजतात. वरून कोरडी दिसणारी बॅटरी पुढे कित्येक दिवसांनीही पेट घेऊ शकते. ती चार्जिंगला न लावता घरापासून व गोठ्यापासून दूर, उघड्यावर ठेवावी आणि जाणकाराच्या स्वाधीन करावी.

मुलांनी पाळावयाचे नियम

१. ज्या वस्तूचा चार्जर, त्याच वस्तूस लावावा.
२. फरशीवर किंवा कडाप्प्यावर, मोकळ्या हवेत, मोठी माणसे जागी असताना बॅटरी भरावी. भरली की काढावी.
३. बाहेर पडण्याच्या दारात किंवा जिन्याखाली दुचाकीची बॅटरी भरू नये. आग लागली तर तीच वाट अडेल.
४. फुगलेली, पडून चेपलेली किंवा उग्र वास येणारी बॅटरी वापरू नये. ती टोचू नये, जाळू नये, घरच्या कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. विक्रेत्याकडे चौकशी करावी.
५. सू-सू आवाज, धूर किंवा असह्य उष्णता जाणवली तर वस्तूस हात न लावता ओरडून सर्वांस बाहेर काढावे. धूर विषारी असतो. १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. मुख्य बटण बंद करणे हे मोठ्यांचे काम आहे आणि तेही सुरक्षित असेल तरच. अशा आगीस थंड करण्यासाठी भरपूर पाणी लागते आणि विझल्यासारखी दिसून ती पुन्हा पेटते.
६. भाजल्यास वीस मिनिटे वाहते थंड पाणी सोडावे. हळद, तूप किंवा दंतमंजन लावू नये. जखम मोठी असल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

शिक्षकांस सूचना : शाळेतील टॅब्लेट रात्रभर कुलुपबंद कपाटात चार्जिंगला राहतात काय, हे मुख्याध्यापकांनी प्रथम पाहावे. शाळेतच एक वागणूक आणि पाठात दुसरी असेल, तर मुले पाठ विसरतात आणि वागणूक उचलतात.

स्वाध्याय

१. भिजलेल्या कडब्याची गंजी आणि झाकून ठेवलेली चार्ज होणारी बॅटरी यांतील साम्य चार ओळींत लिहा.
२. चार घटांचा संच पूर्ण भरल्यावर त्याचे विभवांतर किती होईल? (प्रत्येक घट ४.२ व्होल्ट)
३. आपल्या घराचा नकाशा काढा. त्यात दार, झोपण्याची जागा आणि बॅटरी भरण्याची जागा दाखवा. बॅटरीस आग लागली तर सर्वांस बाहेर पडता येईल काय? येत नसेल तर बॅटरीची जागा बदलून नकाशा पुन्हा काढा आणि तो घरच्या मोठ्यांस दाखवून त्यांची सही आणा.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकाने स्वतः तपासावीत. ज्या घराचा दुसरा नकाशा कागदावरून प्रत्यक्षात उतरेल, त्या घरापुरता हा पाठ पुरा झाला असे समजावे.