बाबाडूक तळघरातच राहतो

हॉस्टेलवर लाइट घालवून हॉरर पिक्चर बघायचा म्हणजे आधी किंचाळायचं आणि मग हसायचं, एवढंच आपल्याला ठाऊक. पण मित्रांनो, जेनिफर केंट या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शिकेचा 'द बाबाडूक' (२०१४) जरा वेगळ्या नजरेने बघा.

अमेलियाला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेताना तिचा नवरा अपघातात जातो. मुलगा सॅम्युअल आता सात वर्षांचा होतोय, पण त्याचा वाढदिवस त्या तारखेला कधी साजराच झालेला नाही. नवऱ्याचा विषय काढायचा नाही, त्याच्या वस्तू तळघरात बंद. मग एका गोष्टीच्या पुस्तकातून बाबाडूक घरात शिरतो. नाकारावं तितका तो बळावतो. अमेलियाची झोप उडते, चिडचिड वाढते, शेवटी ती पोटच्या पोरावरच धावून जाते.

पिक्चर संपतो तरी बाबाडूक मरत नाही. तो तळघरात राहतो, अमेलिया त्याला गांडुळं नेऊन देते. आणि सॅम्युअलचा वाढदिवस पहिल्यांदाच त्याच्या दिवशी साजरा होतो. दुःख गेलं नाही, त्याला घरात जागा मिळाली.

आपल्या विंगमध्येही घरचं माणूस गमावून कोणी सबमिशनला हजर असेल. त्याला 'विसर रे' म्हणू नका, त्या माणसाबद्दल विचारा. फारच जड झालं, तर २०२२ पासून सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे: १४४१६. फोन मोफत, मराठीतही बोलता येतं.