पती-पत्नीच्या रक्तावरून गर्भाची प्रत कळते काय?

केळीचा कंद निवडताना शेतकरी आधी मूळ झाड पाहतो. कंदापासून येणारे झाड आईसारखेच निघते, म्हणून दापोरा परिसरात ही पारख सर्वांना ठाऊक आहे. माणसाचे मूल मात्र कंदातून नव्हे, बीजातून येते. आईची २३ व वडिलांची २३ गुणसूत्रे एकत्र येतात आणि प्रत्येक वेळी वाटणी निराळी असते. म्हणून आईवडिलांचे रक्त तपासून गर्भाविषयी काय सांगता येते, हे आपण नीट समजून घेऊ.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व सहकाऱ्यांच्या प्रयत्नाने परीक्षानळीतील बालिका जन्मली. अशा उपचारात गर्भ पारखण्याची नेहमीची रीत आजही सूक्ष्मदर्शकाची आहे. तिसऱ्या दिवशी सुमारे आठ पेशी दिसाव्यात, पाचव्या दिवशी पोकळ गोळा व्हावा, असे पाहतात.

रक्ततपासणी कारण सांगू शकते. काही धडधाकट माणसांत गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. त्यामुळे गर्भ वारंवार पडतो. हा दोष पतीत असेल किंवा पत्नीत. २०१६ साली चिनी शास्त्रज्ञांनी टीयूबीबी-८ या जनुकातील दोष दाखविला. तो असल्यास स्त्रीबीज पक्व होत नाही. काही घराण्यांत तो मुलीला वडिलांकडून आलेला होता आणि वडिलांना स्वतःला काहीच त्रास नव्हता. असे दोष विरळ असतात.

परंतु अमुक गर्भ टिकेल की नाही, हे या तपासणीतून कळत नाही. स्त्रीच्या वयाला अधिक महत्त्व आहे. तिची बीजे तिच्या जन्मापूर्वीच तयार झालेली असतात आणि वय वाढते तशा गुणसूत्रांच्या वाटणीत चुका वाढतात.

खुद्द गर्भाची जनुकीय तपासणी ही वेगळी बाब आहे. २०२१ च्या कायद्याप्रमाणे ती ठाऊक असलेल्या आनुवंशिक रोगासाठीच करता येते. मुलगा की मुलगी हे निवडणे गुन्हा आहे. ख्रिस्तसभेने १९८७ च्या सूचनापत्रात शरीराबाहेर गर्भ घडविण्यास संमती दिलेली नाही. दोष शोधून तो बरा करण्यास मात्र तिचा विरोध नाही.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच:
१. पतीच्या वीर्याची साधी तपासणी सुरुवातीलाच करावी. ती टाळून केवळ सुनेला दवाखान्यात फिरवू नये.
२. महागड्या तपासणीपूर्वी डॉक्टरांना विचारावे, "निकाल कळल्यावर आमच्या उपचारात काय बदलेल?" उत्तर मिळाले नाही, तर खर्च थांबवावा. त्यासाठी शेत गहाण टाकू नये.
३. उपचार केंद्राची सरकारी नोंदणी पाहावी.

आणि मूल नाही म्हणून कोणाही स्त्रीला वांझ म्हणून हिणवू नये. दोष कोणाचा, हे तपासणीवाचून कोणालाच ठाऊक नसते. आणि तो कळला, तरी तो कोणाचा अपराध नव्हे.