लेंड्या झाडू नका, भिजवा

प्रश्न : महिनाभर पुण्याला होतो. परतलो तर जे. पी. नगरच्या घरात ओट्याखाली उंदरांच्या लेंड्या. झाडून काढल्या तर चालेल?

उत्तर : झाडू नको, व्हॅक्यूमही नको. वाळलेल्या लेंडीची भुकटी हवेत उडून श्वासावाटे आत जाते. हंटाव्हायरस असाच पसरतो. आपल्याकडे तो क्वचितच. मला खरी काळजी लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने तो भोगलाय. उंदराच्या मुतातले जंतू ओलीत टिकतात, पायाच्या भेगांतून शिरतात. तेव्हा सिंकखालची गळती आधी दुरुस्त करून घ्या.

खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा. रबरी हातमोजे घाला. वाटीभर ब्लीच, दहा वाट्या पाणी. लेंड्या चिंब भिजवा, पाच मिनिटांनी जुन्या फडक्याने टिपा आणि फडक्यासकट पिशवीत बांधून टाका. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. कुरतडलेल्या पुड्यातलं पीठ चाळून वापरायचा मोह होतोच, फेका. महिनाभरात ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना उंदरांचं आवर्जून सांगा.