निवड आपल्या हाती

[इंटरनेटवर माहिती शोधताना आपण रोज एखादे शोधयंत्र वापरतो. पण ते आपणच निवडलेले असते असे नाही. ही निवड कोण करते, का करते आणि ती आपल्याला कशी बदलता येते, हे या पाठात सांगितले आहे.]



समजा, तुम्ही पहिल्यांदाच साताऱ्याला आला आहात. साताऱ्याचे कंदी पेढे प्रसिद्ध आहेत. बसस्थानकाबाहेर तुम्ही रिक्षावाल्या काकांना म्हणता, "चांगले पेढे मिळतील अशा दुकानात घेऊन चला." ते तुम्हाला एका दुकानासमोर उतरवतात. पेढे चांगले असतीलही. पण ते दुकान कोणी निवडले? तुम्ही नव्हे, काकांनी! कदाचित ते दुकान त्यांना खरोखर आवडत असेल. कदाचित ते त्यांच्या वाटेवर असेल. कदाचित गिऱ्हाईक आणल्याबद्दल दुकानदार त्यांना चार पैसे देत असेल. नुसते पेढे खाऊन तुम्हाला यातले काहीच कळणार नाही.

मोबाइलवर किंवा संगणकावर माहिती शोधताना असेच घडते.

आधी दोन शब्दांमधला फरक समजून घेऊ. ज्या साधनातून आपण इंटरनेटवरची पाने उघडतो, त्याला ब्राउझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी हे ब्राउझर आहेत. ज्या सेवेला आपण प्रश्न विचारतो आणि जी आपल्यासमोर पानांची यादी ठेवते, तिला सर्च इंजिन किंवा शोधयंत्र म्हणतात. गूगल, बिंग, याहू, डकडकगो ही शोधयंत्रे आहेत. आपल्या गोष्टीत ब्राउझर ही रिक्षा आणि शोधयंत्र हे दुकान. ब्राउझरच्या पट्टीत तुम्ही "सांगलीची हळद" असे लिहिता. तुमचा प्रश्न कोणत्या शोधयंत्राकडे न्यायचा, हे ब्राउझरमध्ये आधीच ठरलेले असते. या आधीच ठरलेल्या निवडीला "डीफॉल्ट" म्हणतात. एज हा ब्राउझर मायक्रोसॉफ्ट कंपनीचा आहे. तो प्रश्न बिंगकडे नेतो. बिंगही त्याच कंपनीचे. क्रोम हा गूगलचा ब्राउझर. तो प्रश्न गूगलकडे नेतो.

तुम्ही म्हणाल, "यात काय बिघडले? उत्तर तर मिळते ना?" मिळते. मग या छोट्याशा निवडीसाठी कंपन्या किती पैसे मोजतात, ते पाहा. अमेरिकेत गूगलविरुद्ध एक मोठा खटला चालला. आपले शोधयंत्र फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये आधीपासून ठेवले जावे, म्हणून गूगलने एकट्या २०२१ या वर्षात इतर कंपन्यांना २,६३० कोटी डॉलर दिले, असे या खटल्यात उघड झाले. ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला. गूगलने शोधाच्या बाजारातली आपली मक्तेदारी बेकायदा टिकवली, असे त्यांनी म्हटले. हे न्यायाधीश जन्माने गुजरातमधील पाटणचे आहेत.

कोणी इतके पैसे उगाच देईल का? बहुतेक माणसे आधी ठरलेली निवड कधी बदलत नाहीत, हे कंपन्यांना पक्के ठाऊक आहे. आपण जितके शोधतो, तितक्या जाहिराती आपल्याला दाखवता येतात. आपला आळस हीच त्यांची कमाई आहे.

हा प्रश्न आपल्या देशातही आला. बाजारात निकोप स्पर्धा राहावी, यासाठी भारतीय स्पर्धा आयोग काम करतो. २० ऑक्टोबर २०२२ रोजी या आयोगाने अँड्रॉइड फोनच्या प्रकरणात गूगलला १,३३७ कोटी ७६ लाख रुपये दंड केला. त्याबरोबर काही आदेशही दिले. त्यातला एक आदेश आपल्या कामाचा आहे. फोन पहिल्यांदा सुरू करतानाच आपले शोधयंत्र निवडण्याची मुभा लोकांना असावी आणि पुढे ते कमीत कमी टप्प्यांत बदलता यावे, असे आयोगाने सांगितले. गूगलने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १९ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने आयोगाच्या आदेशाला स्थगिती देण्यास नकार दिला. त्यानंतर काही दिवसांतच, भारतात नवीन फोन सुरू करताना शोधयंत्र निवडण्याचा पर्याय देऊ, असे गूगलने जाहीर केले.

म्हणजे निवड हा तुमचा हक्क आहे. पण कागदावरचा हक्क वापरला नाही, तर तो असून नसल्यासारखा!

आता कृती पाहू. मोबाइलवर क्रोम उघडा. कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवा. "सेटिंग्ज"मध्ये जा. तेथे "सर्च इंजिन" किंवा "शोध इंजिन" असे लिहिलेले दिसेल. ते उघडले की नावांची यादी येईल. हव्या त्या नावावर बोट ठेवा. झाले! संगणकावरही वाट हीच आहे. फायरफॉक्समध्ये तीन ठिपक्यांऐवजी तीन आडव्या रेघा असतात. तेथून "सेटिंग्ज" आणि मग "शोध" असा क्रम घ्यावा. एका मिनिटाचे काम. जुने शोधयंत्र परत आणायचे असेल, तर याच वाटेने परत जाता येते.

मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट. फोन अब्बांचा किंवा अम्मीचा असेल, तर त्यांना विचारल्याशिवाय काही बदलू नका. आपल्याला निवडीचा हक्क आहे, तसा तो त्यांनाही आहे. काय बदलतो आहोत आणि का, हे आधी त्यांना नीट समजावून सांगा.

दुसरी गोष्ट. कधी कधी शोधयंत्र आपोआप बदललेले दिसते. एखादा फुकटचा खेळ किंवा गाण्यांचे साधन संगणकात घेताना आपण न वाचताच "होय, होय" करत जातो. त्याच वेळी ते साधन आपले शोधयंत्र बदलून टाकते. मग अनोळखी नावाचे पान उघडू लागते आणि जाहिरातींचा पाऊस पडतो. असे झाले तर घाबरू नका. ते फुकटचे साधन काढून टाका आणि वर सांगितलेल्या वाटेने आपले शोधयंत्र पुन्हा निवडा.

"मग सर, सगळ्यांत चांगले शोधयंत्र कोणते?" असे तुम्ही नक्की विचाराल. याचे उत्तर प्रश्नावर अवलंबून आहे. गूगलकडे पानांचा साठा फार मोठा आहे. आपण काय शोधले याची नोंद ठेवत नाही, असे डकडकगो सांगते. घरात एकच फोन चार जण वापरत असतील, तर ही गोष्टही विचारात घ्यावी. एकच प्रश्न दोन शोधयंत्रांना विचारून पाहा. दोन्ही याद्यांमधली पहिली पाच नावे वहीत लिहा. कोणती पाने दोन्हीकडे आहेत? कोणती एकाच ठिकाणी आहेत? यातून तुम्हाला माझ्या सांगण्यापेक्षा जास्त कळेल.

आणि प्रत्येक वेळी शोधयंत्रच हवे असे कुठे आहे? सातारा जिल्ह्यातील वाई हे गाव तुम्हाला माहीत असेल. मराठी विश्वकोश तेथेच तयार झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे त्याचे प्रमुख संपादक होते. त्याचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. पुढे वीस खंड झाले. आज हा विश्वकोश इंटरनेटवर सर्वांना मोफत वाचता येतो. कृष्णा नदी वाईवरून वाहत खाली सांगलीला जाते. तिची माहिती हवी असेल, तर सरळ विश्वकोशात शोधावी. तेथे लेख जाणकारांनी लिहून तपासलेले असतात आणि मध्ये जाहिरात येत नाही. दुकानाचा पत्ता माहीत असेल, तर रिक्षावाल्याला दुकान निवडायला कशाला सांगायचे?

आणखी एक युक्ती सांगतो. आपल्याला दोन लिप्या येतात, ही आपली मोठी दौलत आहे. उर्दूत "हल्दी" लिहून शोधले, तर बहुतेक उर्दू पाने समोर येतात. त्यांत औषधी गुण सापडतील, स्वयंपाकाच्या कृती सापडतील. पण सांगलीच्या बाजारात हळदीचा आजचा भाव काय, हे हवे असेल तर मराठीत "सांगली हळद भाव" असेच लिहावे लागेल. कारण ती बातमी मराठीत छापली जाते. शोधयंत्र बदलल्याने जे सापडत नाही, ते कधी कधी भाषा बदलल्याने सापडते. म्हणून मराठी नीट शिका. ती केवळ परीक्षेपुरती नाही.

हे सारे कशासाठी? उद्या तुम्ही शिष्यवृत्तीचा अर्ज शोधाल. परवा आपा कॉलेजच्या प्रवेशाची तारीख शोधेल. यादीत सर्वांत वर जे पान दिसेल, ते खरेच असेल असे नाही. पैसे देऊन वर आणलेल्या पानाजवळ "प्रायोजित" किंवा "जाहिरात" असा शब्द बारीक अक्षरांत असतो. तो आधी वाचावा. हल्ली यादीच्याही वर यंत्राने लिहिलेले तयार उत्तर दिसते; तेही चुकू शकते. सरकारी अर्जासाठी जे पान अनोळखी खात्यात पैसे मागते, तेथे थांबावे आणि शाळेत येऊन विचारावे. चुकीच्या पानावर भरलेला अर्ज मुदतीत पोहोचत नाही आणि गेलेले वर्ष कोणतेच शोधयंत्र शोधून देत नाही.

शोधयंत्र बदला किंवा बदलू नका. जुनेच आवडले, तर खुशाल तेच ठेवा. पण ते तुम्ही पारखून ठेवलेले असू द्या, कोणीतरी ठेवून दिलेले नव्हे.

शब्दार्थ

गिऱ्हाईक – माल विकत घेणारा, ग्राहक
मक्तेदारी – बाजारावर एकाचाच ताबा असणे
निकोप – दोष नसलेली, निरोगी
मुभा – मोकळीक, परवानगी
स्थगिती – काही काळ थांबवणे
प्रायोजित – पैसे देऊन दाखवलेले
पारखणे – गुणदोष पाहून ओळखणे

स्वाध्याय

१. ब्राउझर आणि शोधयंत्र यांतील फरक दोन-तीन वाक्यांत लिहा.
२. भारतीय स्पर्धा आयोगाने २०२२ मध्ये शोधयंत्राविषयी कोणता आदेश दिला?
३. "आपला आळस हीच त्यांची कमाई आहे" या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
४. मर्जी, हक्क, जाहिरात, कायदा, अर्ज यांपैकी कोणते शब्द तुम्ही उर्दूतही वापरता? त्यांचा अर्थ दोन्ही भाषांत सारखाच आहे का?
५. उपक्रम : "कृष्णा नदी" हा विषय एका शोधयंत्रात आणि मराठी विश्वकोशात शोधा. दोन्हीकडे मिळालेल्या माहितीतील फरक वर्गात सांगा.