समुद्राकाठचं नेटवर्क

कॉम्प्युटर नेटवर्क्स हा विषय शिकताना आपले सात लेयर पाठ होतात आणि परीक्षा झाली की ते विसरूनही जातात. पण एखाद्या छोट्या धंद्याचं नेटवर्क बारा महिने चालू ठेवायचं म्हटलं, तर खरी मारामारी पहिल्याच लेयरशी असते. म्हणजे वायर, वीज आणि पाणी. श्रीवर्धनला माझ्या मामांचं आठ खोल्यांचं लॉज आहे. सुट्टीत तिथलं नेटवर्क माझ्याकडे असतं, म्हणून उदाहरण तिथलंच देतो.

सामान फार नाही. फायबरचा डबा, राऊटर, आठ पोर्टचा स्विच, बिलिंगचा पीसी, प्रिंटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणि वायफायचे दोन अॅक्सेस पॉइंट. एवढ्यावर बुकिंग, हिशोब आणि यूपीआय सगळं चालतं.

आता थोडं गणित. वीज, फायबर, राऊटर, स्विच या चारही गोष्टी वर्षातला ९९ टक्के वेळ चालतात असं धरा. ऐकायला झकास! पण त्या एकामागे एक जोडलेल्या आहेत, एक बसली की सगळं बसलं. म्हणून ०.९९ चा चौथा घात करायचा, तो येतो साधारण ०.९६. उरलेले ४ टक्के म्हणजे वर्षातले १४ दिवस, आणि ते नेमके मे महिन्याच्या गर्दीत येणार नाहीत याची गॅरंटी कोणी देत नाही.

यावर पुस्तकी उपाय म्हणजे दुसरी लाईन. फायबर गेलं तर ४जीचं सिम आपोआप चालू व्हावं. दोन्ही लाईन ९५ टक्के धरल्या तरी एकाच वेळी दोन्ही बंद असण्याची शक्यता ०.०५ गुणिले ०.०५, म्हणजे फक्त पाव टक्का. गणित बरोबर आहे, पण त्यात एक अट लपलेली आहे. दोन्ही लाईन एकमेकींपासून स्वतंत्र असायला हव्यात.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले आणि कित्येक ठिकाणी लाईट यायला आठवडे लागले. खांबांवरून गेलेली फायबर खांबांबरोबरच जाते. मोबाईल टॉवरचं तरी काय? वीज गेली की तो बॅटरीवर, मग डिझेलवर. रस्त्यावर झाडं पडलेली असताना डिझेल पोचणार कसं? म्हणजे कागदावर दोन लाईन, पण दोघींचा जीव एकाच खांबात. मामा म्हणतात, "अरे, नेट गेलं तर तुला फोन करीन म्हणतो, पण फोन तरी कुठे लागतो?" रिलायबिलिटीच्या भाषेत याला कॉमन कॉज फेल्युअर म्हणतात. मला मामांची व्याख्या जास्त पटते.

तरीही ४जी ठेवावंच, कारण रोजच्या बारीकसारीक खोळंब्याला ते पुरतं. बॅटरीचा हिशोब मात्र नीट करावा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत नावापुरते १८०० वॉट-तास असतात. पूर्ण रिकामी करायची नाही आणि इन्व्हर्टरही थोडं खातो, म्हणून हाती येतात साडेअकराशेच्या आसपास. नुसतं नेटवर्क ४० वॉटचं असेल तर २८ तास चालेल. त्यालाच १५० वॉटचा पीसी लावला तर जेमतेम सहा तास. म्हणून नेटवर्कची बॅटरी वेगळी, पीसीची वेगळी.

आता किनाऱ्याची खास दुखणी. खारी हवा आरजे-४५ च्या पिनांना हळूहळू खाते. नेट बंद पडत नाही, नुसतं "स्लो झालंय" अशी तक्रार येते. अशा वेळी आधी स्विचचा दिवा बघा. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच पुरतात. एखादी जोडी कमजोर झाली की पोर्ट गुपचूप खाली उतरतो. कनेक्टर कापून नवा क्रिम्प केला की बहुतेक वेळा काम होतं. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. तिचा रेझिस्टन्स जास्त असतो आणि तारही लवकर तुटते.

दुसरं दुखणं अंतराचं. तिकडे घर रस्त्याला आणि खोल्या वाडीच्या मागच्या टोकाला. तांब्याच्या केबलची हद्द १०० मीटर. वायफाय न्यावं तर मध्ये जांभ्याच्या जाड भिंती, शिवाय पावसात भिजलेली झाडं सिग्नल पिऊन टाकतात. इथे प्लास्टिकच्या पाइपातून जमिनीखालून फायबर टाकलेली बरी. काच असल्यामुळे विजेचा झटका एका इमारतीतून दुसरीत जात नाही, हा तर मोठाच फायदा. वळवाच्या गडगडाटात उघड्यावरच्या तांब्याच्या केबलमुळे स्विच आणि कॅमेरे एका दमात जाऊ शकतात.

एवढं करूनही मोठं वादळ आलं तर नेटवर्क बसणारच, ते धरून चालायचं. तेव्हा वाचवायचा तो डेटा. हिशोबाच्या तीन प्रती हव्यात: एक पीसीत, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक गावाबाहेर. मामांची तिसरी डिस्क महिन्याला मुंबईला मावशीकडे जाते आणि जुनी परत येते. बॅकअप नुसता घेऊन भागत नाही, दुसऱ्या मशीनवर उघडून बघावा लागतो. हे काम फार कंटाळवाणं आहे, म्हणूनच कोणी करत नाही.

बाकी मेच्या शेवटी एक दुपार पुरते. अर्थिंग तपासायचं, केबलींच्या दोन्ही टोकांना नंबर लावायचे, राऊटरची सेटिंग फाईल सेव्ह करायची. एक जादा राऊटर आणि दोन अॅडॉप्टर कपाटात हवेतच, कारण पावसात त्यासाठी माणगाव गाठायचं म्हणजे घाटातून अख्खा दिवस गेला. आणि त्याच कपाटात, कार्बन घातलेलं एक छापील बिलबुक.