मासेमारी नौकेची बॅटरी : निवड चार्जरची, निगा बंदीकाळातली

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. पूर्व किनाऱ्यावर हाच काळ १५ एप्रिल ते १४ जून असा येतो. या दोन महिन्यांत नाखवा नौका किनाऱ्यावर ओढून शाकारतो, तळ खरवडून रंग देतो, इंजिनाची कामे उरकतो, फाटकी जाळी सांधून घेतो. एकच वस्तू बहुधा जागची हलत नाही : इंजिनाशेजारच्या फळीवरील बॅटरी. हंगाम उघडतो, डिझेल आणि बर्फ भरून होतो, खलाशी चढतात, आणि किल्ली फिरवल्यावर स्टार्टर नुसता ‘टक्’ असा आवाज करून थांबतो.

शेजारच्या नौकेची बॅटरी उसनी आणून इंजिन सुरू करता येते. परंतु खरा धोका त्यानंतरच सुरू होतो. व्हीएचएफ रेडिओ, जीपीएस, मासे शोधणारे यंत्र आणि नौकेचे दिवे याच बॅटरीवर अवलंबून असतात. किनाऱ्यापासून दूर, रात्रीच्या वेळी इंजिन बंद पडले, तर मदतीची हाक देण्याइतकी वीज शिल्लक आहे की नाही, हा प्रश्न खलाशांच्या जिवाचा ठरतो.

‘बॅटरी म्हटली की दोन वर्षांत जायचीच’ अशी समजूत बंदरोबंदरी ऐकू येते. वस्तुतः अनेक बॅटऱ्या वयामुळे नव्हे, तर रिकाम्या अवस्थेत पडून राहिल्यामुळे निकामी होतात. शिसे व आम्लाच्या बॅटरीतून वीज खर्च होते तेव्हा आतील प्लेटांवर लेड सल्फेटचा थर बसतो. लगेच चार्जिंग केल्यास तो विरघळतो. मात्र बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच राहिली, तर त्याचे कठीण स्फटिक बनतात व प्लेटांचा तेवढा भाग कायमचा कामातून जातो. न वापरलेली बॅटरीदेखील आपोआप थोडी थोडी उतरत असते आणि उष्ण हवेत हा वेग वाढतो. त्यात एखादा लहान दिवा किंवा यंत्र जोडलेले राहून गेले, तर दोन महिने ही फारच मोठी मुदत झाली.

बॅटरीची स्थिती ओळखण्यास साधा मल्टीमीटर पुरतो. चार्जिंग थांबवून काही तास गेल्यानंतर १२ व्होल्टच्या बॅटरीचे माप १२.६ ते १२.७ आले, तर ती पूर्ण भरलेली समजावी, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि ११.८ म्हणजे जवळपास रिकामी. चार्जर काढल्याबरोबर घेतलेले माप फसवे असते. निम्म्याच्या खाली बॅटरी वारंवार उतरू न देणे, हे तिच्या आयुष्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे पथ्य होय. उदाहरणार्थ, रात्रीची उपकरणे मिळून ६ अँपिअर वीज ओढत असतील, तर १० तासांत ६० अँपिअर-तास खर्च होतात. १०० अँपिअर-तासांच्या एकुलत्या एका बॅटरीस हा भार जास्तच आहे. म्हणूनच इंजिनासाठी एक व उपकरणांसाठी दुसरी, अशी विभागणी करणे शहाणपणाचे.

चार्जर घेताना पहिला प्रश्न किमतीचा नसून बॅटरीच्या प्रकाराचा असावा. पाणी घालावे लागणाऱ्या बॅटरीस तिच्या क्षमतेच्या सुमारे एकदशांश प्रवाह मानवतो. म्हणजे १०० अँपिअर-तासांना १० अँपिअरचा चार्जर. निम्मी उतरलेली बॅटरी त्यावर पाच तासांत भरेल, असा हिशेब मात्र चुकीचा ठरतो. शेवटचा भाग सावकाश भरतो, त्यामुळे आठ ते दहा तास धरावेत.

स्थानिक दुकानांत मिळणारे ट्रान्सफॉर्मरचे जुने चार्जर स्वस्त व दणकट असतात, पण अनेकदा ते आपोआप थांबत नाहीत. रात्रभर विसरल्यास बॅटरीतील पाणी उकळून आटते. तीन टप्प्यांचा चार्जर प्रथम भरपूर प्रवाह देतो, मग सुमारे १४.४ व्होल्टवर स्थिर राहून प्रवाह कमी करीत जातो व शेवटी १३.५ च्या आसपास उतरून बॅटरी केवळ भरलेली राखतो. किनाऱ्यावरील उष्म्यात हे व्होल्टेज किंचित कमी असावे लागते. तापमानाप्रमाणे ते बदलणारा चार्जर मिळाल्यास थोडे जास्त पैसे मोजण्यास हरकत नाही. जेल बॅटरीस जादा व्होल्टेज सोसत नाही. लिथियम बॅटरीस तर तिच्यासाठीच बनविलेला चार्जर लागतो. जुनाच जोडून पाहण्याचा मोह टाळावा.

आता बंदीकाळाविषयी. नौका ओढल्याच्या दिवशीच बॅटरी काढावी. प्रथम ऋण तार, मग धन. आवरण पुसून टोकांवरील पांढरट-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, मात्र ते पाणी झाकणांतून आत जाता कामा नये. टोके कोरडी करून त्यांवर पेट्रोलियम जेली लावावी. पूर्ण चार्जिंग झाल्यावर डिस्टिल्ड वॉटर घालून पातळी सारखी करावी. चार्जिंगपूर्वी केवळ प्लेटा बुडतील इतकेच घालावे, कारण पाणी पुढे फुगते. विहिरीचे किंवा नळाचे पाणी वापरू नये, आणि आम्ल तर कधीच वरून घालू नये. खारे पाणी आत गेल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होऊ शकतो.

सिमेंटच्या जमिनीवर ठेवल्यास बॅटरी उतरते, ही जुन्या काळातील आवरणांपासून चालत आलेली समजूत. आजच्या प्लॅस्टिक आवरणास ती लागू नाही. फळी असल्यास उत्तमच, पण अधिक महत्त्व हवेशीर जागेला आहे. चार्जिंग होत असताना हायड्रोजन वायू निघतो. जवळ विडी, चूल अथवा ठिणगी नसावी. दर दोन-तीन आठवड्यांनी माप घेऊन ते १२.४ च्या खाली दिसताच पुन्हा चार्ज करावे. किनाऱ्यावर वीज वारंवार जात असेल, तर १० ते २० वॉटचे सौर पॅनल उपयोगी पडते, मात्र त्याला नियंत्रक जोडलेला असावा.

जुलैअखेर बॅटरी परत बसवताना धन तार आधी व ऋण नंतर जोडावी. इंजिन सुरू करताना मल्टीमीटरवर लक्ष ठेवावे; भरलेली असूनही त्या क्षणी माप ९.६ च्या खाली घसरत असेल, तर ती बॅटरी दुकानदाराकडे जमा करून बंदरातच दुसरी घ्यावी. जुन्या शिशाचे मोल नव्या किमतीतून वजा करून मिळते.