संकेतस्थळाचा पत्ता कसा शोधावा?

समजा, भिवंडीतील एका यंत्रमागधारकास मागाचे सुटे भाग हवे आहेत. मोबाईलवर त्याला एका पेढीचे संकेतस्थळ दिसते. दर बाजारापेक्षा कमी, छायाचित्रे सुबक आणि वर ठळक अक्षरांत 'कारखाना : सुरत'. अट एकच, निम्मी रक्कम आगाऊ पाठवावी. पेढी बाजारात असती तर त्याने स्वतः जाऊन पाहिली असती, शेजारच्या दुकानदाराला विचारले असते. संकेतस्थळाची पहिली चौकशी मात्र घरबसल्या होऊ शकते. ती कशी करावी आणि तिच्यावर किती विसंबावे, हे आज पाहू.

नाव आणि आकडा

इंटरनेटवरील यंत्रे एकमेकांना नावाने नव्हे, आकड्याने ओळखतात. या आकड्यास आयपी पत्ता म्हणतात. जुन्या पद्धतीच्या पत्त्यात टिंबांनी विभागलेल्या चार संख्या असतात व प्रत्येक संख्या ० ते २५५ यांच्या दरम्यान असते. असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात. ते अपुरे पडू लागल्याने आता लांब, नव्या पद्धतीचे पत्तेही वापरात आहेत. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी नावावरून आकडा काढून देणारी डीएनएस ही व्यवस्था मांडली. आपल्या खतावणीत जसे नावासमोर खाते-पान असते, तसेच हे आहे.

दोन ओळींचे काम

विंडोज संगणकावर 'कमांड प्रॉम्प्ट' उघडा. 'एनएसलुकअप' हा शब्द इंग्रजी अक्षरांत सलग टाइप करा, एक जागा सोडून संकेतस्थळाचे नाव लिहा आणि एंटर दाबा. प्रथम येणारा आकडा आपल्याच इंटरनेट सेवेच्या यंत्राचा असतो. संकेतस्थळाचा आकडा त्याच्या खाली येतो. येथे नवशिक्याची हमखास चूक होते.

घरात शिकणारी मुले असतील तर त्यांच्याकडून हेच काम पायथन भाषेत करून घ्या. पहिली ओळ, 'इम्पोर्ट सॉकेट'. दुसऱ्या ओळीत 'प्रिंट' व कंस. कंसात 'सॉकेट', टिंब आणि 'गेटहोस्टबायनेम' हा सलग शब्द. पुढे आणखी एक कंस व त्यात अवतरणचिन्हांमध्ये संकेतस्थळाचे नाव. शेवटी दोन्ही कंस बंद करावेत. सर्व अक्षरे इंग्रजी लहान लिपीतील हवीत. नाव चुकले तर आकड्याऐवजी चूक दाखवली जाते.

मिळालेला आकडा 'आयपीइन्फो'सारख्या संकेतस्थळावर टाकला की देश, शहर आणि तो पत्ता कोणत्या कंपनीकडे आहे हे दिसते.

घाईने निष्कर्ष नको

आता समजा, सुरतच्या त्या पेढीचा पत्ता अमेरिकेत निघाला. म्हणून तो मनुष्य लबाड ठरतो काय? मुळीच नाही. संकेतस्थळ ज्या यंत्रावर ठेवलेले असते, ते यंत्र भाड्याचे असते आणि कोठल्याही देशात असू शकते. एकाच यंत्रावर शेकडो दुकानांची संकेतस्थळे राहतात. क्लाउडफ्लेअरसारखी सेवा घेतली असेल तर त्या सेवेचाच आकडा दिसतो, मूळ यंत्र मागे राहते. उलट, पत्ता मुंबईचा निघाला म्हणून मालक मुंबईचा व सचोटीचा आहे, असेही ठरत नाही.

शिवाय शहराची नोंद हा पुष्कळदा अंदाज असतो. अमेरिकेतील मॅक्समाइंड या कंपनीने, ज्या पत्त्यांचे नेमके ठिकाण ठाऊक नव्हते त्यांच्यासाठी देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू धरला होता. तो नेमका कॅन्सस राज्यात पॉटविन गावाजवळच्या एका शेतावर पडला. ६० कोटींहून अधिक पत्ते त्या शेताच्या नावावर लागले. फसवले गेलेले लोक आणि पोलीस, दोघेही त्या निरपराध घराच्या दारात येत राहिले. २०१६ साली हा प्रकार उघडकीस आला, तेव्हा कुठे कंपनीने तो बिंदू हलवला. आकड्यावरून कोणाला चोर म्हणण्यापूर्वी हे शेत आठवावे.

मग सौदा कसा करावा?

पत्त्याच्या तपासाला इतर तपासांची जोड द्या. आयकॅन या संस्थेच्या लुकअप पानावर 'डॉट कॉम' नावाच्या नोंदणीची तारीख दिसते. 'तीस वर्षांची जुनी पेढी' म्हणवणाऱ्याचे नाव गेल्या महिन्यात नोंदलेले असेल, तर कारण विचारा. पंधरा अंक-अक्षरांचा जीएसटी क्रमांक मागून तो जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर पडताळा. पेढीचे नाव जुळते का पाहा. सुरतेत ओळखीचा कोणी असेल तर त्याला प्रत्यक्ष पाठवा. पहिली मागणी लहान ठेवा. तरीही फसगत झालीच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

आकडा यंत्राचे ठिकाण सांगतो, तेही अंदाजाने. माणसाचा व्यवहार पूर्वीप्रमाणेच विचारपूस करून आणि पारखूनच कळतो.